चुन्याचा हात

पावसाळा सरतो, आश्विनाचे कोवळे ऊन अंगणात उतरते आणि गोव्यातील घरे एकाएकी वयोवृद्ध दिसू लागतात. चार महिने पावसाने झोडपलेल्या भिंती कोठे हिरव्या, कोठे काळ्या पडलेल्या असतात. पागोळ्या जेथे पडतात तेथे हातभर उंचीपर्यंत तांबड्या चिखलाचे शिंतोडे उडालेले असतात आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर तर कोणी शाईची दौत उपडी केल्यासारखे ओघळ दिसतात. मग दिवाळी तोंडावर आली की घरोघर एकच धांदल उडते. पिंपात चुना भिजत पडतो, काथ्याचे कुंचे बाहेर निघतात, शिडी शेजाऱ्याकडून मागून आणली जाते आणि चार दिवसांत सारे घर न्हाऊनमाखून पुन्हा उभे राहते.

श्रोतेहो, या कामाला आपल्या भाषेत एक सुंदर शब्दप्रयोग आहे. आपण म्हणतो, 'भिंतीला चुन्याचा हात दिला.' हात देणे म्हणजे एक थर चढवणे. पण बुडत्याला आधार देणे हेही हात देणेच. आज घराला बाहेरून कोणता रंग द्यावा हा प्रश्न आपण दुकानातील रंगपट्टीसमोर उभे राहून सोडवतो. तेथे पिस्ता आणि केशरी यांच्या शेकडो छटा असतात. परंतु भिंतीला कोणत्या हाताची गरज आहे, आणि तो देण्यापूर्वी तिच्या अंगावरील बुरशीचे काय करावे, हा प्रश्न त्या पट्टीवर छापलेला नसतो. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे इतिहासात डोकावावे लागते.

प्रथम आमच्याच घरची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पश्चिमेची भिंत घाईघाईने रंगवून घेतली. दिवाळीला पाहुणे यायचे होते आणि रंगारी हाताशी होता. भिंतीवर काळसर डाग होते. पण नव्या, चकचकीत रंगाच्या दोन हातांखाली ते सहज लपतील अशी सर्वांचीच समजूत. दिवाळी थाटात झाली. पुढच्या श्रावणात मात्र ते डाग त्याच जागी, जणू आपला हक्क सांगत वर आले. शिवाय रंगाला जागोजागी फोड आले होते आणि नखाने टोचताच त्यांतून पाणी झिरपले. घरातील एका वृद्धांनी ती भिंत न्याहाळली आणि एवढेच म्हटले, "घामेजलेल्या माणसाला तुम्ही रेनकोट घातलात!" त्या एका वाक्यात भिंती रंगवण्याचे निम्मे शास्त्र आले होते.

भिंतीवरच्या बुरशीची चिंता मनुष्याला फार पुरातन काळापासून आहे. ज्यू धर्मग्रंथांत 'लेवीय' या नावाचा जो ग्रंथ आहे, त्याच्या चौदाव्या अध्यायात घराला लागलेल्या रोगाचा सविस्तर विचार आढळतो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर घरमालकाने धर्मगुरूला कळवावे. त्याने येऊन पाहावे, घर सात दिवस बंद ठेवावे व पुन्हा तपासावे. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकावेत, गिलावा खरवडून काढावा, नवे दगड बसवावेत, नवा गिलावा करावा. आणि एवढे करूनही रोग उलटला तर घरच पाडावे. यातील धार्मिक विधी बाजूला ठेवले तर उरतो तो एखाद्या अनुभवी गवंड्याचा सल्लाच होय. आधी पाहा, मग थांबा, पुन्हा पाहा, सडलेले काढा आणि त्यानंतरच नवा लेप द्या. रोगावर लेप चढवून तो झाकावा असे त्यात कोठेही नाही. आम्ही त्या दिवाळीला नेमके तेच केले होते.

आता लेपाकडे वळू. जगाच्या पाठीवर मनुष्याने भिंतीला दिलेल्या लेपांमध्ये चुन्याएवढा दीर्घायुषी लेप दुसरा क्वचितच असेल. रोमन लोक चुना विरवून दीर्घकाळ मुरत ठेवीत. तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना कंत्राटदाराने वापरू नये असा जुना निर्बंध असल्याचे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नमूद केले आहे. आपल्याकडे देशावर चुनखडीच्या दगडापासून चुना होई. कोकणात आणि गोव्यात मात्र खाडीने व समुद्राने शिंपल्यांच्या राशी दिल्या. जुन्या गोमंतकीय घरांत खिडक्यांना शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक पापुद्र्यांची तावदाने असत आणि भिंतींवर शिंपल्यांचाच चुना असे. म्हणजे आत येणारा उजेड आणि बाहेर अडणारा पाऊस, दोहोंचा कारभार शिंपल्याकडे! गिलाव्याचा चुना वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळला जाई. त्यात कोणी गुळाचे पाणी घाली, कोणी हिरड्याचा काढा. प्रत्येक गवंड्याचे स्वतःचे एक गुपित असे आणि ते तो मुलाखेरीज कोणाला सांगत नसे.

चुन्याचे खरे गुपित मात्र त्याच्या जीवनचक्रात आहे. शिंपला किंवा चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो. त्यावर पाणी घातले की तो खदखदतो, फुटतो, विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि काही आठवड्यांत तो थर पुन्हा चुनखडीचा दगड होतो. भट्टीत गमावलेला श्वास चुना भिंतीवर परत मिळवतो, असे म्हटले तरी चालेल. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या निघून जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या वायूचे रहस्य उलगडले. आपले गवंडी त्याचा उपयोग त्यापूर्वी शतकानुशतके करीत होते.

बुरशीच्या दृष्टीने या चक्राला फार महत्त्व आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो. विड्याला बोटभर जास्त लागला तर जीभ पोळते ती यामुळेच. या तीव्रतेपुढे बुरशीचे किंवा शेवाळाचे काही चालत नाही. परंतु चुन्याचा दगड बनला की ही तीव्रता सरते, आणि मग पावसाचे पाणी, झाडांचा पालापाचोळा व धूळ यांच्या आधाराने हिरवी-काळी वस्ती पुन्हा बसू लागते. म्हणूनच चुन्याचा हात दरसाल द्यावा लागतो. आपण समजतो की दिवाळीसाठी घर पांढरे करतात. वास्तविक पावसाळ्यात आलेल्या वस्तीला हाकलण्याचा तो वार्षिक उपाय आहे. सणाने त्याला मुहूर्त दिला एवढेच.

चुना नेहमी पांढराच राहिला असे नाही. त्यात काव मिसळली की तांबडा, पिवळी माती मिसळली की पिवळा आणि नीळ मिसळली की आकाशी रंग मिळे. निळीचीही एक कथा आहे. पूर्वी हा गडद निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींत मिळणाऱ्या लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडापासून करीत. भिंतीला तो लावण्याचे स्वप्नही सामान्याने पाहू नये अशी त्याची किंमत. १८२८ साली ग्विमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला कृत्रिम नीळ तयार करण्याबद्दल पारितोषिक मिळाले आणि राजेरजवाड्यांच्या चित्रांतील निळाई गरिबाच्या भिंतीवर आणि धोतरावर येऊन पोहोचली. पांढऱ्या चुन्यात चिमूटभर नीळ घातली की त्याचा पिवळसरपणा मरतो आणि तो अधिकच शुभ्र भासतो, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही.

पणजीच्या फोंतेन्हास भागातून कधी फेरी मारली तर या रंगांची मैफल अजून पाहावयास मिळते. पिवळी, निळी, तांबडी घरे आणि त्यांच्या खिडक्यांभोवती पांढऱ्या रेषा. १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, तरी गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड १७५९ सालीच येथे हलविले होते. पोर्तुगीज अमदानीत संपूर्ण पांढरा रंग चर्चे व कपेले यांच्यासाठी राखून ठेवलेला असे आणि पावसाळ्यानंतर घर रंगवणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले जाई, असे जुने लोक सांगतात. हिंदूंच्या देवळांत आणि घरांत दुसरीच एक कला फुलली, ती म्हणजे कावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालच्या पांढऱ्यातून वेली, पक्षी व देवता साकारायच्या. लेप आणि चित्र येथे एकच होतात. भिंतीचे रक्षण करणारी वस्तूच तिचा अलंकार होते.

परंतु हे सारे ज्या भिंतीवर चालते ती भिंत कशाची असते? गोव्यात आणि दक्षिण कोकणात, तसेच घाटावर खानापूर-बेळगावच्या बाजूलाही, घर बांधतात ते जांभ्याच्या चिऱ्यांनी. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारातून प्रवास करताना हा दगड पाहिला. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने त्याला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. मात्र या दगडाच्या अंगात असंख्य छिद्रे असतात. तो पाणी पितो आणि सवडीने सोडतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशा दगडाला उघडे ठेवणे म्हणजे तान्ह्या मुलाला पावसात ठेवणे. म्हणून पूर्वजांनी त्याला चुन्याचा गिलावा दिला, गिलाव्याला चुन्याचा हात दिला आणि पावसाळ्यात पडवीच्या कडेला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले. घराला तीन वस्त्रे होती, आणि तिन्ही अशी की आतला दमटपणा बाहेर जाऊ शकेल.

हे वस्त्र काढून घेतले तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण जुने गोवे येथे उभे आहे. बॉम जेझूस बासिलिकेचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली तिचा अभिषेक झाला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव तेथे असल्यामुळे जगभरातून यात्रेकरू येतात. भिंती जांभ्याच्या आणि दर्शनी भागावरील कोरीव काम वसईकडून आणलेल्या काळ्या दगडाचे. ही वास्तू आज आपल्याला तांबड्या, उघड्या दगडाची दिसते आणि तीच तिची ओळख होऊन बसली आहे. रस्त्यापलीकडील से कॅथीड्रल मात्र शुभ्र आहे. पुष्कळांना वाटते की एक वास्तू तांबडी व दुसरी पांढरी असावी अशीच मूळ बांधणाऱ्यांची इच्छा होती. तसे नाही. बासिलिकेलाही चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला.

हे का केले गेले? दुष्ट हेतूने निश्चितच नव्हे. पोर्तुगालमध्ये १९२९ साली राष्ट्रीय इमारती व स्मारके यांसाठी एक सरकारी खाते स्थापन झाले होते. त्या खात्याने पुढील काळात अनेक मध्ययुगीन चर्चांचा गिलावा उतरवून आतील दगड उघडा केला. दगड दिसला की वास्तू प्राचीन, अस्सल व गंभीर दिसते, अशी त्या काळची अभिरुची होती. उत्तर पोर्तुगालचा ग्रॅनाइट हा घट्ट, निबर दगड. तो हा प्रकार सोसू शकला. तोच न्याय गोव्याच्या सच्छिद्र जांभ्याला आणि मोसमी पावसाला लावला गेला. त्याचे परिणाम आज दिसतात. दगडाची झीज होते, सांध्यांतून पाणी शिरते, दरवर्षी शेवाळ चढते आणि ते काढताना दगडाचाही थोडा अंश जातो. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चे व मठ जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. २०२० साली पावसाळ्याच्या तोंडावर या वास्तूच्या स्थितीबद्दल जाहीर चिंता व्यक्त झाली आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही, हा वाद नव्याने रंगला. तांबड्या रूपावर जीव जडलेल्या लोकांना तो नको वाटतो आणि दगडाचे दुखणे जाणणाऱ्यांना तो हवा वाटतो. एका पिढीच्या अभिरुचीची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांचा दगड मोजतो आहे.

या खरवडण्याच्या वेडाविरुद्ध इशारा पूर्वीच दिला गेला होता, हे विशेष. इंग्लंडमध्ये जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चांचे गिलावे सरसकट उतरवले जाऊ लागले, तेव्हा विल्यम मॉरिस या कवी व कलावंताने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. मित्रमंडळी तिला गमतीने 'खरवडविरोधी मंडळ' म्हणत. जुना गिलावा हा इमारतीच्या आयुष्याचा भाग आहे, तो मळ नव्हे, असे या मंडळाचे म्हणणे होते. मळ आणि वस्त्र यांतील हा भेद आपण घर रंगवतानाही ध्यानात ठेवला पाहिजे. बुरशी हा मळ आहे, तो काढावाच. गिलावा हे वस्त्र आहे, ते जपावे.

यानंतर आला कारखान्यांचा काळ. १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन याने इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले आणि शंभर-सव्वाशे वर्षांत चुन्याची घाणी थंड पडली. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्याजवळ शालिमारचा रंगाचा कारखाना निघाला. १९४२ साली मुंबईत एशियन पेंट्सचा जन्म झाला. पांढऱ्या रंगासाठी वापरले जाणारे विषारी शिसे मागे पडून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून टायटॅनियमचे शुभ्र भस्म बाजारात आले. भुकटीच्या रूपात मिळणारा सिमेंटचा रंग घरोघर पोहोचला. स्नोसेम हे एका कंपनीचे नाव तर त्या जातीच्या रंगाचे सामान्यनाम होऊन बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात कालवलेल्या प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म कणांचे, म्हणजे इमल्शनचे, युग सुरू झाले. या रंगांत बुरशीनाशक औषध घालण्याची पद्धत पडली. एके काळी त्यासाठी पाऱ्याची संयुगेही वापरीत. अमेरिकेत ती १९९० आणि १९९१ साली बंद झाली. कोणतेही औषध घातले तरी ते दर पावसात थोडे थोडे धुपून जाते. म्हणून डब्यावरील पाच-सात वर्षांचे आश्वासन वाचताना आपल्या गावचा पाऊसही आठवावा.

या सर्वांतून गृहस्थाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की रंग निवडण्यापूर्वी पाणी शोधावे. कौल सरकले आहे काय, पन्हळ गळते काय, भिंतीला टेकून झुडूप वाढले आहे काय, अंगणातील माती जोत्याच्या वर आली आहे काय, हे पाहावे. बुरशी ही स्वतः रोग नाही. ती ओलीची चहाडी करते. चहाडी करणाऱ्याचे तोंड दाबून चोर पकडला जात नाही.

दुसरी गोष्ट, डाग कसला आहे ते ओळखावे. काळा डाग धुळीचा की बुरशीचा, असा संशय असेल तर त्यावर बाजारात मिळणाऱ्या द्रवरूप ब्लीचचा एक थेंब टाकावा. दोन-एक मिनिटांत डाग फिका पडला तर तो सजीव, म्हणजे बुरशी अथवा शेवाळ. तसाच राहिला तर धूळ किंवा काजळी. येथेही आपल्याला जुना मित्र भेटतो. १७९९ साली चार्ल्स टेनंट याने स्कॉटलंडमध्ये विरवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ब्लीचिंग पावडर तयार करण्याचे पेटंट घेतले. विहिरीत टाकतात ती ही पावडर म्हणजे चुन्याचीच लेक. आणि सुपारीच्या बागेत पावसाळ्यापूर्वी जे बोर्डो मिश्रण फवारतात, तेही चुना व मोरचूद यांचेच. १८८५ साली फ्रान्समध्ये मियार्दे या शास्त्रज्ञाने द्राक्षवेलीवरील बुरशीसाठी त्याचा उपयोग दाखवून दिला. भिंतीच्या चुन्यात थोडा मोरचूद घालण्याची आपल्याकडील चाल याच न्यायाने समजते.

तिसरी गोष्ट, धुणे. कोरडी बुरशी झाडूने झाडू नये. तिची बीजे हवेत उडून छातीत जातात. भिंत प्रथम पाण्याने भिजवावी. एक भाग द्रवरूप ब्लीच आणि तीन भाग पाणी असे मिश्रण लावावे, पाव तास ओले राहू द्यावे, काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशाने घासावे आणि भरपूर पाण्याने धुऊन काढावे. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. खालची फुलझाडे आधी पाण्याने भिजवून झाकावीत. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनियायुक्त द्रव्य कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कळीचा चुना विरवतानाही हीच सावधगिरी हवी, कारण त्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो.

चौथी गोष्ट, धीर. धुतलेली भिंत वाळू द्यावी. सायंकाळी प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि सकाळी पाहावा. त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले तर भिंत अजून घामेजलेली आहे, तिला रेनकोट घालू नये. रंगाऱ्याची घाई आणि सणाची तिथी या दोघांनाही त्या दिवशी नम्रपणे थांबवावे. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर त्याला मुरायला व वाळायला निदान महिनाभर द्यावा.

आता शेवटी रंग. जांभ्याची किंवा मातीची जुनी भिंत आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा असेल तर तिला चुनाच द्यावा. गिलावा फुटला असेल तर दुरुस्तीही चुन्यानेच करावी. सिमेंटचा कठीण ठिगळ मऊ भिंतीत ओल कोंडतो. चुना पातळ हवा, भिंत किंचित ओलसर हवी आणि जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे. ज्यांना दरसाल चुना देणे जमत नाही, त्यांच्यासाठी खनिज सिलिकेटचे रंग आहेत. बव्हेरियात कीम या संशोधकाने १८७८ साली त्यांचे पेटंट घेतले. तेथील थंडीपावसात चुन्यावरील चित्रे टिकत नाहीत, या अडचणीतून हा शोध लागला. हे रंग दगडाशी एकजीव होतात आणि भिंतीचा श्वास कोंडत नाहीत. मात्र ते महाग असतात. सिमेंटच्या गिलाव्याची भिंत असेल तर सिमेंटचा रंग चालतो. मात्र तो देण्यापूर्वी भिंत भिजवावी आणि दिल्यावरही पाणी मारावे, नाही तर त्याची पूड होते. त्याच्या खरखरीत अंगावर धूळ लवकर बसते, हेही ध्यानात असावे. बाहेरच्या भिंतीसाठीचे इमल्शन सिमेंटच्या कोरड्या, घट्ट गिलाव्यावर उत्तम बसते. परंतु जुन्या चुन्याच्या थरावर हात फिरवला आणि तळहात पांढरा झाला, तर इमल्शन त्या पुडीला चिकटेल, भिंतीला नव्हे. आणि तेलरंग भिंतीवर न द्यावा हे बरे. चुन्याच्या तीव्रतेने तेलाचा चक्क साबण होतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मंडळी म्हणतील की आमच्याकडे पाऊस गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी, आम्हाला याची काय काळजी? तेथे भिंतीचा मुख्य वैरी ऊन, हे खरे. तरी उत्तरेकडची सावलीतील भिंत, गच्चीचा कठडा आणि गळक्या नळाखालची जागा एकदा पाहावी. गोव्याचा एक छोटासा तुकडा प्रत्येक घराला चिकटलेला असतो.

आमची ती पश्चिमेची भिंत आम्ही पुढच्या वर्षी खरवडली. चकचकीत थर पापुद्र्यांनी निघाला आणि खाली चुन्याचे कितीतरी जुने हात दिसले. एक आकाशी, एक फिकट पिवळा, मग पांढरे अनेक. त्यांपैकी प्रत्येक थर कोणीतरी एखाद्या आश्विनात शिडीवर चढून दिला होता. ते थर आम्ही राहू दिले, फक्त सुटलेले तेवढे काढले. भिंत धुतली, पन्हळ नीट केली आणि तीन आठवडे वाट पाहिली. त्या दिवाळीला आमचे घर अर्धेच रंगलेले होते. पाहुण्यांनी विचारले, तेव्हा घरातील त्याच वृद्धांनी उत्तर दिले, "भिंत वाळते आहे." दिवाळीनंतर आठ दिवसांनी तिला चुन्याचा पहिला हात दिला. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती काळी पडली नाही असे नाही, थोडी पडली. पण फोड आले नाहीत, आणि आश्विनात धुऊन पुन्हा एक हात दिल्यावर ती पूर्ववत झाली.